हलका दिवस

बुधवारी चौरे सर माझ्या घड्याळावर चिकटपट्टी लावतात.
पांढरी, जखमेवर लावतात तसली.
आकडा बघायचा नाही, म्हणतात,
वाक्य बघायचं.
पूर्णविरामापर्यंत एका दमात गेलं, तर वेग बरोबर.
स्वल्पविरामालाच धाप लागली, तर मागे फिर,
खोलीवर जाऊन झोप.

म्हणून मी आणि कुंदा बोलतो.
हॉस्टेलचा कुकर कुणी जाळला इथपासून
तिच्या भावाच्या साखरपुड्यात थोरल्या जावयाने
काय घोळ घातला इथपर्यंत.
आनंदवली, सोमेश्वर, पुढे धरणाचा रस्ता,
अजून अंधार, दुधाच्या गाड्या,
आणि खाली पाय आपापले चाललेले,
भाकरी थापताना हात चालतो
आणि बाई दुसऱ्याच कुणाशी भांडत असते
तसे.

शर्यतीत माझा किलोमीटर तीन अठ्ठेचाळीसचा.
आज पाच तीस. चढाला सहा.
सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं,
माझ्यात काही उरलं नाही
हे त्यांना गोड शब्दांत सुचवायचंय.

आमच्याकडे, पेठच्या वर, हळू कुणी धावतच नाही.
माणूस धावतो म्हणजे एसटी सुटतेय,
शेळी दुसऱ्याच्या नागलीत शिरलीय,
कुणाला तरी पान लागलंय.
धावणं म्हणजे उशीर झालेला असणं.
उशीर झालेला नसताना धावायचं,
तेही असं, की उशीर व्हावा,
हे शिकायला मला तीन वर्षं लागली
आणि डावी पोटरी.

तेव्हा मी रोज जराशी जोरात जायचे.
फार नाही. किलोमीटरला वीस-तीस सेकंद.
बरं वाटायचं, हीच तर गंमत.
मग शनिवारी, ट्रॅकवर, हजाराच्या सहाव्या फेरीला
पायांकडे मागायला गेले
तर पाय म्हणाले,
बुधवारीच नेलंस की.

गंगापूर गाव मागे पडतं आणि मागून श्वास येतो.
आधी श्वास, मग काका.
पोपटी बूट, करकरीत,
छातीवर कुठल्याशा दहा किलोमीटरचं पदक छापलेलं.
'चला, चला बेटा! ढिलं पडायचं नाही!'
आणि गेले.
कुंदा माझ्याकडे बघते.
माझ्या मांडीत काहीतरी उठून उभं राहतं,
कान टवकारून.
तीस पावलं. जास्तीत जास्त चाळीस.
त्याला मी म्हणते, बस.
पुन्हा म्हणते, बस.
आठवड्यातला सगळ्यात अवघड सराव हा,
आणि सरांच्या वहीत त्याला रकाना नाही.

किलोमीटरभर पुढे पोपटी बूट मोरीवर बसलेले,
नाड्या सोडून.
'रोज येत जा,' काका म्हणतात, थांबत थांबत,
'महिन्यात… फरक… दिसेल.'
'हो काका, रोजच येतो आम्ही, पाऊस असला तरी येतो,'
कुंदा म्हणते.
एका दमात.

दुगावच्या अलीकडे उजाडतं.
बाग छाटून झालीय. हातमोजे घातलेल्या बाया
काडीच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावतायत.
जास्त झाली तर डोळा जळतो,
एखादा सुटला तर फुटत नाही.
त्यातली एक आमच्या वरल्या पाड्याची, चांगुणामावशी.
कमरेवर मनगट टेकवून बघत राहते.
'काय वं पोरी, पाय दुखतो का?'
'नाही मावशी.'
'मग अशी काय पळते?'

मी जागच्या जागी पाय हलवत सांगायला घेते,
ठोके, रक्त, शनिवार, जानेवारीतली शर्यत,
आज राखलं तर शेवटच्या सात किलोमीटरला कसं हाताशी येतं,
वाक्य लांबत जातं, वळणं घेतं,
एकदाही धाप लागत नाही.

मावशीला काही पटत नाही.
'पाणी पी,' म्हणते,
आणि पुढच्या काडीकडे वळते.